सरासरीच्या वर

साल्पेकर सरांनी पहिला अख्खा तास नियम वाचून दाखवण्यात घालवला. वर्षभरात त्यांचा रंगलेला असा तो एकच तास. पुढे त्यांनी टक्केवारी शिकवली, गुणोत्तरं शिकवली, आलेख शिकवले. पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात जो गोडवा होता तो पुन्हा कधी ऐकू आला नाही. माणसाला मनापासून आवडतं काम करताना बघणं एरवी सुखाचं असतं. इथे ते काम म्हणजे आम्हाला आमची जागा दाखवणं हे होतं.

हा विषय आमच्या मागे लागला तो प्राचार्य गणपतरावांमुळे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते दिल्लीला कसल्याशा परिसंवादाला गेले आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याला गणित आल्याशिवाय तो चांगला नागरिक होत नाही, असं ऐकून परत आले. गणपतराव जे शेवटचं ऐकत तेच त्यांचं मत असे. जुलैत बी.ए.च्या पहिल्या वर्षाला 'सामान्य गणित' सक्तीचं झालं. विद्यापीठाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. हा पेपर आमच्या कॉलेजचा, घरगुती. पण तो पार केल्याशिवाय विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म कॉलेज पुढे पाठवणार नाही, असं ठरलं. म्हणजे गणितात अडकला तो इतिहास, मराठी, अर्थशास्त्र सगळ्यालाच मुकला आणि त्याचं वर्ष गेलं.

शिकवायला साल्पेकर सर. वामनराव साल्पेकर हे गणिताचे सुवर्णपदकवाले. हे ते स्वतःच सांगत, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायची त्यांची तयारी नसे. सायन्स कॉलेजात जागा मिळाली नाही म्हणून ते नागपुरात बर्डीजवळच्या आमच्या कॉलेजात आले आणि तिथेच राहिले. बी.ए.ला गणित घेणारे तीन-चार जण असायचे, तेवढ्यांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात स्टाफरूममध्ये बसून बाकीच्या प्राध्यापकांना तुच्छ समजायचं, असं त्यांचं चाललं होतं. आता एकदम चाळीस जणांचा वर्ग हाती लागला. बरीच वर्षं साठलेला राग काढायला चाळीस माणसं पुरतात.

त्यात आम्ही कसले, तर गणिताला भिऊन कलेकडे पळालेले. मी स्वतः इतवारीतली, भांड्यांच्या दुकानातली. मॅट्रिकला बीजगणिताचा पेपर संपला त्या दिवशी मी पुस्तक रद्दीत घातलं होतं. माझ्यासारखेच सगळे. आपण सुटलो म्हणून निवांत आलो तर गणित आमच्या आधी येऊन बसलेलं.

सरांनी 'अपेक्षा व नियम' नावाचा सायक्लोस्टाइल केलेला कागद प्रत्येकाच्या हातात दिला आणि मग तोच वाचून दाखवला, कारण आम्हाला वाचता येतं यावरही त्यांचा विश्वास नव्हता. उशिरा येणाऱ्याने तास संपेपर्यंत मागे उभं राहावं. कच्चं काम उजव्या समासात करावं. वर्गात शिकवलेल्या रीतीनेच उदाहरण सोडवावं, दुसऱ्या रीतीने आलेलं बरोबर उत्तर चूक धरलं जाईल. शंका शेवटच्या पाच मिनिटांत विचाराव्यात. त्या पाच मिनिटांत ते हजेरी घेत, म्हणजे शंका विचारली तर हजेरी जायची. नियमांवर प्रश्न विचारू नयेत, हा नववा नियम. आणि मग अकरावा. तो वाचायच्या आधी त्यांनी चष्मा पुसला.

"प्रत्येकाने किमान सरासरी गाठणे अपेक्षित आहे," सर म्हणाले. "वर्षात तीन चाचण्या होतील. पहिल्या दोन तुमच्या माहितीसाठी. तिसऱ्या चाचणीत ज्याचे गुण वर्गाच्या सरासरीच्या खाली असतील, त्याचा फॉर्म जाणार नाही. मी तुमच्याकडून असामान्य काही मागत नाही. सरासरी म्हणजे सामान्य. तेवढं तरी जमवा. मला सगळेच्या सगळे सरासरीच्या वर दिसले पाहिजेत."

कोणी हसलं नाही. यात हसण्यासारखं काही आहे हे आम्हाला कळत नव्हतं, आणि ज्यांना कळायला हवं होतं ते बोलत होते. साधं अंकगणित सरांना इतकं खालच्या दर्जाचं वाटे की त्याच्याकडे त्यांनी कित्येक वर्षांत नीट पाहिलंही नव्हतं.

माझ्या बाकावर मनकर्णा मेश्राम बसायची. कुहीकडच्या एका खेड्यातली, इंदोऱ्याच्या बाजूला मुलींच्या वसतिगृहात राहणारी. छप्पन साली आईच्या कडेवर बसून ती नागपूरला दीक्षेला आली होती, आणि त्यानंतर एकदम कॉलेजलाच. तिच्या शाळेला आठवीनंतर गणिताचे मास्तरच मिळाले नव्हते. त्या तासाला मुलं मैदान झाडायची. वसतिगृहाचा नियम सरांच्या कागदापेक्षा सोपा होता. वर्ष बुडालं की जागा गेली. जागा गेली की मनकर्णाने परत गावाला जायचं, आणि तिथे तिच्या लग्नाची बोलणी तयारच होती. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. मी तिला विचारलं होतं, तू इतकी घाईघाईने का लिहितेस वं, म्हणून सांगितलं.

पहिल्या चाचणीचे गुण सरांनी खालून वर असे वाचले. सगळ्यात पहिलं नाव मनकर्णाचं.

"मेश्राम. पन्नासपैकी चार. तुम्ही कुठून आलात?"

"कुहीकडून, सर."

"मग चार पुष्कळ झाले."

वर्ग हसला. हसण्यात आठ-आठ, नऊ-नऊ मार्कवाले सर्वांत पुढे होते. वर्गाची सरासरी सतरा आली आणि निम्म्याहून जास्त जण तिच्या खाली. सर म्हणाले, लाज वाटली पाहिजे, निम्म्या वर्गाला सामान्यही होता येत नाही.

मग आम्ही घाबरून अभ्यास केला. दिवाळीनंतरच्या चाचणीत जवळजवळ सगळ्यांचे गुण वाढले, त्यामुळे सरासरीही वाढली. ती चोवीस झाली, आणि निम्म्याहून जास्त जण पुन्हा तिच्या खाली. मी बावीसवर. मनकर्णा चारावरून सोळावर आली होती. तिने शेवटच्या पाच मिनिटांत हात वर केला.

"सर, मी बारानं वाढली."

"आपण वाढ मोजत नाही, मेश्राम. आपण सरासरी मोजतो," सर म्हणाले, आणि तिची त्या दिवसाची हजेरी गेली.

डिसेंबरात सरांनी 'सरासरी' हे प्रकरण शिकवलं. कोणत्या महिन्यात किती पाऊस, कोणत्या फलंदाजाच्या किती धावा. मनकर्णा तो आठवडाभर काहीतरी घोटत बसली होती. शनिवारी तिने परत हात वर केला, परत शेवटच्या पाच मिनिटांत.

"सर, सगळे सरासरीच्या वर कसे जातीन? कोणी वर गेला का कोणी खाली राहीनच ना."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती काय म्हणाली हे त्यांच्या डोक्यात शिरलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बोललं कोण होतं, तर चार मार्कवाली.

"नियम नऊ वाचा," ते म्हणाले. "आणि मेहनत करा, म्हणजे जाल."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी रविंद्रने कँटीनमागच्या निंबाखाली सगळ्यांना जमवलं. रविंद्र हा धरमपेठेतल्या वकिलांचा मुलगा. त्याला दाढी होती, मित्रमंडळात वजन होतं, आणि कॉलेजच्या निवडणुकीला तो पुढल्या वर्षी उभा राहणार होता. गरिबांविषयी तो फार तळमळीने बोलायचा, विशेषतः ऐकायला मुली असल्या की. त्याने चहाचा कप बाकावर ठेवला आणि म्हणाला, "मी एक गोष्ट शोधून काढली आहे. सगळे सरासरीच्या वर जाऊच शकत नाहीत."

मी म्हटलं, "हे मनकर्णा शनिवारी वर्गात म्हणाली होती."

"तिचा सूर वेगळा होता," रविंद्र म्हणाला.

सूर वेगळा म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. त्याची योजना सोपी होती, हे मी मान्य करते. सगळ्यांना सारखेच गुण मिळाले तर कोणीच सरासरीच्या खाली राहत नाही. पण सगळ्यांना सारखे गुण मिळणार कसे? पन्नासपैकी पन्नास चाळीस जणांना जमणार नाहीत. शून्य मात्र कोणालाही जमतं. तर तिसऱ्या चाचणीत चाळीसच्या चाळीस जणांनी कोरा पेपर द्यायचा. सरासरी शून्य, सगळे सरासरीवर, सगळ्यांचे फॉर्म जाणार, आणि साल्पेकर स्वतःच्याच नियमात अडकणार.

"आणि हे आपण आपल्यासाठी करत नाही आहोत," तो म्हणाला. "आपल्यातले निम्मे तसेही पास होतील. मी तर होईनच. हे आपण मनकर्णासारख्यांसाठी करतोय. तिचं वसतिगृह जाईल. आपण एवढा त्याग करायलाच हवा."

त्याग हा शब्द ऐकून काहींचे चेहरे उजळले. काहीच न लिहिता त्याग होतो म्हटल्यावर कोणाचेही उजळतील. खोटं कशाला सांगू, मलाही योजना आवडली. माझाही अभ्यास झालेला नव्हता. मनकर्णा तेव्हा लायब्ररीत होती. तिला बोलवावं असं कोणाच्या मनात आलं नाही. जिच्यासाठी करायचं तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

ती लायब्ररीच्या पायऱ्यांवर डबा खात होती, पोळी आणि जवसाची चटणी. मी शेजारी बसले.

"तिसऱ्या टेस्टले काहीच लिहाचं नाही वं. सगळ्यायनं कोरा पेपर देऊन द्याचा. सगळ्यायले शून्य, मंग सरासरी शून्य, मंग कोणीच खाली नाही. रविंद्रनं ठरवलं. तुह्यासाठीच चालू आहे हे."

"माह्यासाठी?"

"हो न. तुहं वसतिगृह जाऊ नये म्हणून."

तिने घास संपवला. "अन् एखाद्यानं लिहिलं तं?"

"कोणी नाही लिहीत. त्यानं सगळ्यायकडून कबूल करून घेतलं."

"मी तं नव्हती तिथं."

"म्हणूनच सांगाले आली न मी."

तिने डब्याला झाकण लावलं आणि पुस्तक घेऊन पुन्हा आत गेली. मी परत जाऊन रविंद्रला सांगितलं, तिला सांगितलंय. तो म्हणाला, "खूश झाली असेल." मी म्हटलं, असेल.

चाचणी जानेवारीत, शनिवारी सकाळी. थंडी अशी की निम्मे मफलर गुंडाळून बसलेले. सरांनी पेपर वाटले, खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. आम्ही नाव आणि रोल नंबर लिहिला आणि पेनं खाली ठेवली. त्यांनी मधून एकदा मान वर करून पाहिलं. समोर जवळजवळ सगळा वर्ग हाताची घडी घालून बसलेला. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडून त्यांची अपेक्षा तीच होती. त्यांनी पान उलटलं.

माझ्या मागच्या बाकावरून मात्र निबेचा आवाज येत होता. चाचणीला आम्हाला एकेका बाकावर एकेक बसवत आणि माझ्यामागे मनकर्णा होती. आधी मला वाटलं नाव लिहितेय. मग वाटलं गाव लिहीत असेल. पण तो आवाज काही थांबेना. मी वळून पाहिलं तर तिची मान खाली होती आणि उजव्या समासात कच्च्या कामाची रांग लागली होती. मला घाम फुटला. तिचं काय होईल म्हणून नव्हे, माझं काय होईल म्हणून. पण मी तरी काय लिहिणार होते? मला एकही प्रश्न येत नव्हता.

पुढच्या शनिवारी सर पेपरांचा गठ्ठा घेऊन आले. चेहरा रागाचा नव्हता, उलट बरा होता. आम्ही किती नालायक आहोत याचा पुरावा त्यांच्या हातात होता.

"मेश्राम, उभ्या राहा. एकतीस," ते म्हणाले.

वर्गात खळबळ झाली. मागून कोणीतरी शिवी घातली. "गद्दार," रविंद्र म्हणाला, सरांना ऐकू जाणार नाही पण आम्हा सगळ्यांना जाईल अशा बेताने.

सरांनी तिचा पेपर वर धरला. "हे कोणाचं पाहून लिहिलंत?"

चाळीस जणांत पेपर लिहिणारी ती एकटी, बाकीचे मठ्ठासारखे बसलेले, हे सरांनी स्वतः खुर्चीतून पाहिलं होतं. कोरे पेपर स्वतःच्या हातांनी त्यांनी गोळा केले होते. तरी त्यांना दुसरं काही सुचलं नाही. मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण आपल्या मताला इतका पक्का माणूस पाहिला नाही.

"कोणाचं पाहू, सर?" मनकर्णा म्हणाली. "बाकीचे तं बसून होते."

"मग फळ्यावर या. या चाचणीची वर्गाची सरासरी काढून दाखवा. माझ्यासमोर."

ती गेली. खडू घेतला. फळ्यावर एकतीस लिहिलं आणि थांबली. आम्हाला वाटलं, अडली. सरांनाही तेच वाटलं असावं, कारण ते मंद हसले.

ती वळली. "अजून कोणाले मार्क आहेत का, सर?"

सरांनी गठ्ठा चाळला. "आहेत. एकाला. एक."

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेक मान वळायला लागली आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायला लागला. मनकर्णाने एकतीसमध्ये एक मिळवला, बत्तीसला चाळीसने भागलं आणि खाली उत्तर लिहिलं, शून्य पूर्णांक आठ. सर फळ्याकडे बघत राहिले. उत्तर चूक असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. बरोबर आहे म्हणायला वेळ लागला.

"बरोबर," ते म्हणाले. "म्हणजे सरासरीच्या वर दोघे. मेश्राम, आणि..." त्यांनी तो दुसरा पेपर शोधून काढला आणि रविंद्रचं नाव वाचलं.

एक मार्क. पन्नासपैकी एक मार्क मिळवून आमचा पुढारी सरासरीच्या वर होता. आणि मनकर्णाने मी सांगितल्याप्रमाणे कोरा पेपर दिला असता तर तो एकटाच वर राहिला असता, आणि जिच्यासाठी त्याग केला ती आमच्याबरोबर खाली. हा हिशेब करायला मला फळ्याची गरज पडली नाही.

रविंद्र उभा राहिला. "सर, ते रफ काम होतं. खोडायचं राहून गेलं."

"पहिली पायरी बरोबर होती," सर म्हणाले. "पहिल्या पायरीला एक गुण असतो."

तास संपल्यावर त्याच्याभोवती घोळका झाला. तो म्हणत होता, "अबे, सहज हात चालला यार, वेळ जात नव्हता. माझा फॉर्म जाणार नाही, बघा तुम्ही. तुम्हा सगळ्यांचा जाईपर्यंत मी ऑफिसात फॉर्मच्या खिडकीकडे फिरकणारसुद्धा नाही." आणि लोकांनी विश्वास ठेवला. दाढी होती, वडील वकील होते, का नाही ठेवणार? एकतीस मार्कवाली गद्दार आणि एक मार्कवाला बिचारा. आमच्या वर्गाला गणित येत नव्हतं हे साल्पेकरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

मी मनकर्णाला सायकल स्टँडजवळ गाठलं. मी तापलेली होते.

"तुले माहीत होतं काय तो लिहिणार आहे म्हणून?"

"त्याचं काय माहीत मले. मले तुमचं कोणाचंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "एकानं एक मार्क घेतला तरी मी बुडत होती. तुमी बुडले तं पुढच्या साली बसान. मी कुठं बसू?"

"मंग मले काहून नाही सांगतलं? मी तुह्या बाकावरची होती न."

"तू तरी कुठं इचारलं? तू मले म्हणाली कोरा दे. तुले आता येते का, असं नाही म्हणाली. कोणीच नाही म्हणालं. मले येत होतं, पुष्पलता. दिवाळीपासून मी दुसरं काही केलंच नाही."

हे ती शांतपणे बोलली, म्हणूनच मला जास्त लागलं. मी सायकल काढली आणि घरी गेले. रस्ताभर मला राग येत होता, पण तो तिचा नव्हता.

पुढचे चार दिवस कॉलेजात आंदोलन चाललं. रविंद्रने घोषणा तयार केल्या, त्या यमकातही बसत नव्हत्या. मनकर्णाशी कोणी बोलायचं नाही असंही ठरलं. हे ठरवताना सगळ्यांची एकजूट कोऱ्या पेपरापेक्षा पक्की निघाली. मी तिच्या बाकावर बसत राहिले. त्याबद्दल मला कोणी काही बोललं नाही, कारण मला बोललं तर मी काय बोलते ते वर्गाला ठाऊक होतं. बुधवारी प्राचार्य गणपतरावांच्या कानावर गेलं की पहिल्या वर्षातून विद्यापीठाला फक्त दोन फॉर्म जाणार आहेत. ते घाबरले. दोनच फॉर्म पाहून विद्यापीठ विचारेल, तुमचा वर्ग बंद पडला काय? संध्याकाळपर्यंत अकरावा नियम रद्द झाल्याची सूचना लागली. साल्पेकर सर स्टाफरूममध्ये म्हणाले म्हणे की नियम बरोबरच होता, वर्ग चुकीचा होता.

शुक्रवारी निंबाखाली विजयसभा झाली. रविंद्रला हार घातला. त्या एका मार्काचा विषय कोणी काढला नाही, उलट तो हाराखाली दिसेनासा झाला. सभेला मनकर्णाही आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण लायब्ररीत जायचा रस्ता तिथूनच होता आणि मी तिला हात धरून थांबवलं. रविंद्रने तिला पाहिलं. मोठं मन दाखवायची इतकी चांगली संधी तो कशी सोडेल?

"आज आपल्या सगळ्यांचे फॉर्म गेले," तो म्हणाला. "माझाही आजच गेला, तुमच्याबरोबर. आणि ज्यांनी आपल्याला साथ दिली नाही, त्यांच्याबद्दलही आपल्या मनात राग नाही. मनकर्णाचाही फॉर्म जातोय, तो या आंदोलनामुळेच. तिने ते लक्षात ठेवावं, एवढंच."

टाळ्या पडल्या. मनकर्णाने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. ती काही पुढे गेली नाही, होती तिथूनच बोलली, आणि आवाजही चढवला नाही.

"माहा फॉर्म सोमवारीच गेला, भाऊ. तुमच्याच मागं तं उभी होती मी खिडकीपाशी. लाइन आपल्या दोघाईचीच होती."

मी हसले. एकटीच हसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.